बर्फाची बँक : ठेव थंडाव्याची, हिशेब घड्याळाचा

'बँक' हा शब्द आता केवळ आपल्या व्यवसायापुरता उरलेला नाही. रक्ताची बँक असते, बियाण्यांची असते, नेत्रदानाच्या चळवळीने डोळ्यांचीही बँक आपल्या परिचयाची केली आहे. उद्योगजगतात या कुटुंबातील आणखी एक सदस्य गेली अनेक दशके निमूटपणे काम करीत आहे. कोल्हापूर-सांगलीकडील एखाद्या दुग्धशाळेत जाऊन 'बँक कोठे आहे?' असे विचारले, तर तेथील यंत्रचालक कदाचित आवाराच्या मागील बाजूस असलेल्या एका मोठ्या, जाड अस्तराच्या टाकीकडे बोट दाखवील. त्या टाकीला तो 'आइस बँक' म्हणतो. तिच्यात थंडावा बर्फाच्या रूपाने जमा केला जातो आणि गरजेच्या वेळी काढून घेतला जातो. जमा आणि नावे, शिल्लक आणि घट हे सारे व्यवहार तेथेही आहेत.

दुग्धशाळा, औषधनिर्मिती, शीतपेये, मासळी व अन्नप्रक्रिया अशा उद्योगांचे कर्जप्रस्ताव आपल्याकडे येतात, तेव्हा यंत्रसामग्रीच्या यादीत या टाकीचा उल्लेख हमखास आढळतो. मोठ्या कार्यालयीन इमारतींच्या वातानुकूलनातही ती शिरली आहे. 'या योजनेमुळे विजेची मोठी बचत होईल' असे वाक्य प्रकल्प अहवालात बहुधा असतेच. प्रस्तुत लेखात या वाक्याचाच थोडा जवळून विचार करावयाचा आहे. कारण वस्तुस्थिती अशी, की बर्फाची बँक वीज वाचवीत नाही. बहुतेक वेळा ती थोडी अधिकच वीज खाते. ती वाचविते ते पैसे, आणि तेही विजेच्या वापराची वेळ बदलून. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याला या गुंतवणुकीचे मर्म कळले असे म्हणावयास हरकत नाही.

मरीनावरील गोल इमारत

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर एक देखणी, गोलाकार दर्शनी भागाची इमारत उभी आहे. आज ती 'विवेकानंदर इल्लम' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेहून परतल्यानंतर फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम येथे होता. परंतु आसपासच्या वस्तीतील जुनी माणसे त्या परिसराला अजूनही 'आइस हाउस' म्हणतात. हे नाव अगदी शब्दशः खरे आहे. १८४२ च्या सुमारास अमेरिकन व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांच्या व्यवसायाने ही इमारत बांधली ती बर्फ साठविण्यासाठी.

हा बर्फ येई कोठून? अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील तळी हिवाळ्यात गोठत. तेथे बर्फाच्या लाद्या कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून त्या जहाजावर चढविल्या जात. भारतात असा पहिला माल १८३३ मध्ये कोलकात्यास आला. मे महिन्यात बोस्टनहून निघालेल्या जहाजावर सुमारे १८० टन बर्फ होता. चार महिन्यांनी, सप्टेंबरात, ते पोहोचले तेव्हा त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होता. विषुववृत्त ओलांडून झालेल्या प्रवासात जवळजवळ ४४ टक्के माल वितळला, तरीही व्यापार फायद्याचा ठरला! पुढे मुंबई आणि मद्रास येथेही बर्फ येऊ लागला. मुंबईत तर लोकवर्गणीतून बर्फघर उभारण्यात आले. मद्रासला १८४० च्या दशकात सुरक्षित बंदरही नव्हते. जहाजे दूर समुद्रात नांगर टाकीत आणि माल मसुला नावाच्या होड्यांतून, लाटांशी झुंजत किनाऱ्यावर आणावा लागे.

या व्यापाराला उतरती कळा लागली ती यंत्रामुळे. १८७४ मध्ये मद्रास येथे इंटरनॅशनल आइस कंपनी स्थापन झाली आणि बाष्पयंत्राच्या साहाय्याने बर्फ येथेच तयार होऊ लागला. थोड्याच वर्षांत परदेशी बर्फाची गरज संपली. बर्फघर पुढे बिळिगिरी अय्यंगार या वकिलांनी विकत घेतले आणि त्याचे निवासस्थान केले.

ट्यूडर यांच्या व्यापाराचे सूत्र मात्र संपले नाही. जेथे आणि जेव्हा थंडावा स्वस्त आहे, तेथे आणि तेव्हा तो साठवावा. जेथे आणि जेव्हा तो महाग आहे, तेथे तो वापरावा. त्यांनी हे अंतराच्या बाबतीत केले. आजची बर्फाची बँक तेच वेळेच्या बाबतीत करते. स्वस्त थंडावा आता बोस्टनहून येत नाही, तर दिवसातील ज्या तासांना विजेचे दर कमी असतात त्या तासांतून येतो.

'टन' या शब्दातील बर्फ

आपल्या घरी दीड टनाचे वातानुकूलन यंत्र असते. हा टन वजनाचा नव्हे हे आपण जाणतो. परंतु तो मुळात बर्फाचाच आहे हे फारसे कोणाला ठाऊक नसते. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी क्षमता म्हणजे एक टन. पूर्वी थंडावा बर्फाच्या लाद्यांवरच मिळे. त्यामुळे यंत्रे आली तेव्हा 'हे यंत्र दिवसाला किती बर्फाचे काम करते?' हाच प्रश्न विचारला गेला आणि तेच एकक रूढ झाले.

एक किलो बर्फाचे शून्य अंश तापमानाच्या पाण्यात रूपांतर होताना तो सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. तापमान एका अंशानेही न वाढता शोषली जाणारी ही उष्णता म्हणजे शालेय पुस्तकातील अप्रकट उष्मा. ९०७ ला ८० ने गुणून २४ ने भागले, की ताशी सुमारे ३,०२४ किलोकॅलरी हा आकडा मिळतो. हाच एक टन.

थंडावा साठवावयाचा तर थंड पाण्याऐवजी बर्फ का, याचे उत्तरही याच ८० च्या आकड्यात आहे. नेहमीच्या वातानुकूलनात पाणी सुमारे ७ अंशांना पाठविले जाते आणि १२ अंशांना परत येते. म्हणजे एक किलो पाणी केवळ ५ किलोकॅलरी उष्णता वाहून आणते. एक किलो बर्फ त्याच्या सोळापट काम करतो. प्रत्यक्ष टाकीत नळ्या आणि मोकळे पाणी यांनाही जागा लागते, त्यामुळे एवढा लाभ पदरात पडत नाही. तरीही थंड पाण्याच्या टाकीपेक्षा बर्फाची टाकी कितीतरी लहान असते. शहरात, जेथे चौरस फुटाचा भाव प्रकल्प खर्चात ठळकपणे दिसतो, तेथे ही बाब निर्णायक ठरते.

जमा कशी होते, काढली कशी जाते

या बँकेची रचना समजण्यास कठीण नाही. अस्तर दिलेल्या टाकीत पाणी भरलेले असते आणि त्यात नळ्यांची वेटोळी बुडविलेली असतात. शीतयंत्राने उणे ५ अंशांच्या आसपास थंड केलेले ग्लायकॉलचे द्रावण या नळ्यांतून फिरते. कित्येक दुग्धशाळांत ग्लायकॉलऐवजी थेट अमोनियाच फिरविला जातो. नळ्यांभोवती हळूहळू बर्फाचा थर चढतो. ही झाली जमा. थंडाव्याची गरज पडली, की टाकीतील शून्याच्या जवळपास असलेले पाणी पंपाने कारखान्यात पाठविले जाते. ते तेथील उष्णता घेऊन परत येते आणि बर्फाच्या थरावर वितळणीचे काम करते. ही झाली रक्कम काढणे. दुसऱ्या प्रकारात पाण्याने भरलेले हजारो प्लास्टिकचे बंद गोळे टाकीत असतात व त्यांच्याभोवती ग्लायकॉल फिरते. गोळ्यांच्या आत पाणी गोठते आणि वितळते.

आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर हे मुदत ठेवीचे खाते नव्हे, चालू खाते आहे. त्यावर व्याज मिळत नाही. उलट बाहेरील उष्णता अस्तरातून झिरपत राहते आणि शिल्लक रोज थोडी थोडी घटते. म्हणून ही ठेव आठवड्यांसाठी नव्हे, तर काही तासांसाठी करावयाची असते.

आणखी एक गोष्ट आहे. बर्फ हा स्वतःच उष्णतेचा दुर्वाहक आहे. नळीवरील थर जाड होत जातो, तसतसे पुढील थर चढविणे कठीण होते; शीतयंत्राला आणखी खालच्या तापमानावर काम करावे लागते आणि वीज अधिक लागते. अर्थशास्त्रातील घटत्या सीमांत फलाचा हा लख्ख नमुनाच म्हणावा लागेल. शेजारशेजारच्या नळ्यांवरील थर एकमेकांना भिडले तर पाण्याला वाटच उरत नाही, आणि शिल्लक असूनही रक्कम काढता येत नाही अशी अवस्था होते. म्हणून चांगल्या टाकीत थराची जाडी मोजण्याची व्यवस्था असते आणि पाणी ढवळत राहावे यासाठी तळातून हवा सोडली जाते.

दुधाचे गणित

आता हिशेबाकडे वळू. समजण्यास सोपे जावे म्हणून एक कल्पित दूध शीतकरण केंद्र घेऊ. त्याच्याकडे सकाळी २५ हजार आणि संध्याकाळी २५ हजार लिटर दूध येते. ३५ अंशांचे दूध ४ अंशांपर्यंत थंड करावयाचे, तर लिटरमागे सुमारे ३० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. म्हणजे प्रत्येक वेळेला साडेसात लाख किलोकॅलरी. दूध येते तीन तासांत. ते थांबवून ठेवता येत नाही, कारण उष्ण हवेत जंतू कोणाची वाट पाहत नाहीत.

बर्फाशिवाय हे काम करावयाचे तर ताशी अडीच लाख किलोकॅलरी, अर्थात सुमारे ८३ टनांचे शीतयंत्र हवे. दिवसाचे सहा तास ते धापा टाकील आणि अठरा तास स्वस्थ बसेल. बर्फाची बँक असेल, तर मधल्या साडेसात तासांत तीच साडेसात लाख किलोकॅलरी जमविता येते. ताशी एक लाख किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ३३ टनांचे यंत्र पुरते. टाकीत सुमारे साडेनऊ टन बर्फ जमवावा लागेल. (येथे टन म्हणजे वजनाचाच!) उष्णतेची गळती धरून प्रत्यक्षात हे आकडे थोडे वाढवावे लागतील, परंतु प्रमाण हेच राहील.

आता विजेचे बिल पाहू. तमिळनाडूच्या २०२२ मधील दरपत्रकात उच्चदाब उद्योगांसाठी सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी सहा ते दहा या शिखर तासांत वीज आकार २५ टक्के अधिक होता, तर रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत ५ टक्के सवलत होती. दूध नेमके शिखर तासांतच येते! गणितापुरता युनिटचा मूळ दर ७ रुपये धरू. थेट थंड करताना एका टनास ताशी एक युनिट लागते असे मानू, आणि बर्फ करताना, खालच्या तापमानामुळे, सावधगिरीने ३० टक्के अधिक.

थेट पद्धतीत रोज सुमारे ४९६ युनिट लागतील. ती सारी शिखर दराने, म्हणजे ८ रुपये ७५ पैशांनी. खर्च सुमारे ४,३४० रुपये. बर्फाच्या पद्धतीत रोज सुमारे ६४५ युनिट लागतील. त्यांतील ३०० युनिटांना रात्रीची सवलत मिळाली तर खर्च सुमारे ४,४१० रुपये. पाहा, वीज जवळजवळ दीडशे युनिटांनी अधिक खर्च झाली आणि वीज आकार कमी होण्याऐवजी रोज सत्तर रुपयांनी वाढला. 'विजेची मोठी बचत' येथे कोठेच नाही.

बचत आहे ती बिलाच्या दुसऱ्या ओळीत. मोठ्या ग्राहकाला वापरलेल्या युनिटांखेरीज मागणी आकारही द्यावा लागतो. महिन्याभरात मीटरने नोंदविलेली सर्वांत मोठी मागणी काय होती, यावर तो ठरतो. थेट पद्धतीत शीतयंत्राची मागणी सुमारे ८३ किलोवॅट, बर्फाच्या पद्धतीत सुमारे ४३. ही ४० ची घट दरमहा ५५० रुपये प्रति किलोव्होल्ट-अँपिअर या दराने, शक्तिगुणक एकच्या जवळ धरून, महिन्याला २२ हजार आणि वर्षाला २ लाख ६४ हजार रुपये वाचविते. त्यातून वीज आकारातील वाढीचे सुमारे २५ हजार वजा केले, तरी वर्षाकाठी २ लाख ३८ हजारांच्या आसपास शिल्लक राहते. शिवाय शीतयंत्र, रोहित्र आणि जनित्र हे तिन्ही लहान आकाराचे पुरतात. टाकीचा खर्च यांतून वजा करून निव्वळ जादा गुंतवणूक किती, हे पाहिले की परतफेडीचा काळ समोर येतो.

जेथे हे गणित जमत नाही

दुधाच्या बाबतीत जे साधले ते सर्वत्र साधेलच असे नाही. ज्या कारखान्यात थंडाव्याची गरज चोवीस तास सारखीच आहे, तेथे शीतयंत्राला मोकळा वेळच नसतो. तेथे बर्फ करावयाचा तर त्यासाठी आणखी एक यंत्र घ्यावे लागते. रात्रंदिवस चालणाऱ्या संगणक केंद्राचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. गरजेचा आलेख सपाट असला, की बर्फाच्या बँकेला खातेदारच उरत नाही. याउलट, दिवसा गजबजणाऱ्या आणि रात्री शांत होणाऱ्या कार्यालयीन इमारतींत तिला वाव असतो. ४ जुलै २००० रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या चेन्नईच्या टायडेल पार्कमध्ये केंद्रीय वातानुकूलनाला शीतसंचयाची जोड देण्यात आली ती याच विचाराने.

चेन्नईच्या हवामानाचाही येथे विचार करावा लागतो. रात्री हवा गार होते, त्यामुळे शीतयंत्राला उष्णता बाहेर टाकणे सोपे जाते आणि बर्फ करण्यातील तोटा अंशतः भरून निघतो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. नाशिक-पुण्यासारख्या ठिकाणी ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु समुद्रकाठच्या चेन्नईत मे महिन्यात दुपारचे सरासरी कमाल तापमान ३७ अंशांच्या घरात, तर पहाटेचे किमानही २७-२८ अंशांच्या घरात असते, आणि हवेतील दमटपणा रात्रीही हटत नाही. म्हणून कोरड्या प्रदेशातील प्रकल्पाचे आकडे जसेच्या तसे चेन्नईच्या, किंवा आपल्या मुंबई-रत्नागिरीच्या, प्रस्तावात उतरविणे योग्य नव्हे.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. बर्फाची बँक पाण्याचीही बचत करीत नाही. शीतमनोऱ्यातून उष्णता बाहेर टाकताना पाण्याची वाफ होते. ती दिवसा न होता रात्री झाली, एवढाच फरक. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईची जलाशये कोरडी पडली होती. अशा शहरात शीतयंत्रासाठी वर्षभर पाणी कोठून येणार, हा प्रश्न टाकी असो वा नसो, विचारलाच पाहिजे.

संकटकाळची गंगाजळी

तरीही एक लाभ असा आहे, की तो कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. २००८ नंतरची काही वर्षे तमिळनाडूतील उद्योगांनी विजेची कपात सोसली. २०१२ मध्ये ती विशेष तीव्र झाली. संध्याकाळच्या शिखर तासांत मोठ्या ग्राहकांच्या वीजवापरावर कडक मर्यादा होती. ज्याच्या टाकीत बर्फ होता त्याला त्या तासांत केवळ पंप चालविण्यापुरती वीज लागे, आणि ती लहानशा जनित्रावर भागे. थंडाव्याची ही गंगाजळी म्हणजे एक प्रकारचा विमाच होय.

मात्र विम्यालाही अटी असतात. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाने चेन्नईत पूर आला आणि शहराचा दूधपुरवठा विस्कळीत झाला. पंप आणि वीजफलक पाण्याखाली गेले, तर टाकीतील बर्फ कितीही असला तरी तो दुधापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून टाकी कोठे आहे यापेक्षा पंप, फलक आणि जनित्र कोणत्या उंचीवर आहेत, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. ज्याची उपजीविका यावर अवलंबून असते तो दूध उत्पादक या टाकीपासून कित्येक कोस दूर असतो. एका रात्रीत पंचवीस हजार लिटर दूध आंबले, तर संघाचा तोटा ताळेबंदात एका ओळीत मावतो. दोन म्हशींवर घर चालविणाऱ्याच्या दहा दिवसांच्या हिशेबात मात्र तो मावत नाही.

प्रस्ताव तपासताना

अशा प्रस्तावाची छाननी करताना आपण अभियंते नसलो तरी काही प्रश्न निश्चितपणे विचारू शकतो, आणि सुजाण ग्राहकांनीही ते यंत्रविक्रेत्याला आधी विचारावेत.

पहिला प्रश्न : चोवीस तासांतील थंडाव्याच्या गरजेचा तासागणिक तक्ता आहे काय? केवळ 'एकूण क्षमता इतके टन' हे पुरेसे नाही. गरजेचा डोंगर किती उंच आणि किती अरुंद आहे, यावर सारे अवलंबून आहे.

दुसरा : गेल्या बारा महिन्यांची वीजबिले पाहिली काय? शीतयंत्राची सर्वोच्च मागणी आणि संपूर्ण कारखान्याची सर्वोच्च मागणी एकाच वेळी येतात का? कारखान्याचे शिखर दुपारी दोन वाजता आणि थंडाव्याचे रात्री आठ वाजता असेल, तर मागणी आकारात अपेक्षित घट होणार नाही.

तिसरा : वीज कंपनीशी झालेल्या करारातील मागणी कमी करून घेण्याचा अर्ज केला जाणार आहे काय? प्रत्यक्ष मागणी घटली, तरी करारातील मागणीच्या ठरावीक टक्क्यांवर किमान आकारणी होतच राहते. हा कागद राहून गेला, तर बचत कागदावरच राहते.

चौथा : यंत्रचालक कोण आणि किती प्रशिक्षित? मागणीची नोंद मीटर पंधरा ते तीस मिनिटांच्या सरासरीने करतो आणि महिन्यातील सर्वांत मोठी नोंद बिलात धरली जाते. रात्री बर्फ पुरेसा जमला नाही म्हणून महिन्यातून एकदाच, अर्धा तास, जुने मोठे यंत्र चालू केले, तरी त्या महिन्याची बचत धुऊन निघते. बर्फाची रोजची शिल्लक नोंदविणारी वही तेथे आहे का, हे पाहणीच्या वेळी अवश्य पाहावे. रोजकीर्द पाहण्याची सवय आपल्याला आहेच.

पाचवा : देखभाल आणि सुरक्षा. नळ्यांचे गंजणे, ग्लायकॉलची गळती, अस्तराचे भिजणे यांनी टाकीचे आयुष्य घटते. अमोनिया वापरला जात असेल, तर त्याच्या गळतीपासून कामगारांचे आणि आसपासच्या वस्तीचे संरक्षण कसे केले आहे, हा प्रश्न केवळ परवान्याचा नाही.

घड्याळ फिरते आहे

शेवटचा मुद्दा भविष्याचा आहे, आणि दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी तोच कदाचित सर्वांत महत्त्वाचा ठरावा. आजवर बर्फाच्या बँकेचा सारा विचार 'रात्री स्वस्त, दिवसा महाग' या गृहीतकावर उभा होता. सौर विजेने ते गृहीतक हलविले आहे. आता भर दुपारी विजेची आवक वाढते आणि सूर्य मावळला की ओढाताण सुरू होते. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी शिखर तासांतील दर किमान २० टक्क्यांनी अधिक असावा, अशी तरतूद झाली. मोठ्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी तिच्या अंमलबजावणीची मुदत १ एप्रिल २०२४ होती. हे तास कोणते आणि दर किती, हे प्रत्येक राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. आणि ते पुन्हा बदलू शकतात. तमिळनाडूची विजेची सर्वोच्च मागणी मे २०२४ मध्ये २० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. मागणीचा हा चढता आलेख पाहता वेळेनुसार दर ठरविण्याची पद्धत मागे जाईल असे वाटत नाही.

याचा अर्थ, केवळ रात्रीच्या सवलतीवर आधारलेला दहा वर्षांचा परतफेडीचा तक्ता आज सुरक्षित राहिलेला नाही. परंतु त्यामुळे बर्फाची बँक निरुपयोगी होते असेही नाही. टाकीला बर्फ रात्री जमला की दुपारी, याच्याशी कर्तव्य नसते. नियंत्रण व्यवस्था लवचिक असेल आणि दिवसाही बर्फ करण्याची मुभा यंत्ररचनेत ठेवलेली असेल, तर तीच टाकी दुपारच्या सौर विजेवर भरून संध्याकाळच्या महाग तासांत रिती करता येते. वर घेतलेल्या दूध केंद्राच्या उदाहरणात संध्याकाळच्या दुधासाठीचा बर्फ दुपारीच जमत होता, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दर बदलले, तर त्या केंद्राला आपली रीत नव्हे, फक्त बिल बदललेले दिसेल.

म्हणून प्रस्ताव मांडताना आणि तपासताना दोन हिशेब करावेत : एक आजच्या दरपत्रकाचा, आणि दुसरा रात्रीची सवलत पूर्णपणे नाहीशी झाली तर काय होईल याचा. दुसऱ्या हिशेबातही हप्ता निघत असेल, तर ती गुंतवणूक पायावर उभी आहे असे समजावे. थेंबे थेंबे तळे साचते हे खरेच. पण ते तळे कोणत्या तासाला गोठवावे आणि कोणत्या तासाला वितळवावे, हे ज्याला कळले त्याच्याच पदरात त्याचा लाभ पडतो.